भंडाऱ्याचा मेन रोड : दोनदा बाजूला पडलेल्या रस्त्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या रोजच्या पायाखालच्या रस्त्याचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

महामार्गाचा बायपास शहराबाहेरून निघाला आणि गावात दोन प्रकारची चर्चा सुरू झाली. एक गट म्हणतो, "गाड्या बाहेरून गेल्या, आता गावातला धंदा बसला." दुसरा गट म्हणतो, "बरं झालं, ट्रक गेले. आता जुनं पाडा, रस्ता रुंद करा, दोन्ही बाजूंना कॉम्प्लेक्स उभे करा, भंडाऱ्याचं नागपूर होऊ द्या." ऐकायला दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात वाटतात. पण दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली आहे : रस्ता जगतो तो जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांवर. रस्ता मोठा तर गाव मोठं.

भंडाऱ्याचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. कारण आपला रस्ता काही पहिल्यांदा बाजूला पडलेला नाही. असाच वळसा या गावाला सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एकदा पडून गेला आहे. तेव्हा काय गेलं आणि काय टिकलं, हे समजून घेतलं तर आज काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

रस्ता आधी, महामार्ग नंतर

भंडारा जुनं आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रतनपूरच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख येतो. भाणं म्हणजे ताट, भांडं. त्यावरून भंडारा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो की लोकांनी मागाहून जुळवलेली असो, गावाची ओळख भांड्यांची होती एवढं नक्की.

१८२०-२१ च्या सुमारास जिल्ह्याचा कारभार लांजीहून भंडाऱ्याला आला. लांजी आज मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ मध्ये भंडाऱ्याला नगरपालिका मिळाली. म्हणजे आपली नगर परिषद दीडशे वर्षं ओलांडून पुढे गेली आहे.

या काळात नागपूरहून पूर्वेकडे, रायपूरकडे जाणारा जो रस्ता होता त्याला साहेब लोक 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणत. नागपूर, भंडारा, साकोली, पुढे देवरी आणि मग छत्तीसगड. छत्तीसगडचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, मग बंड्यांमधून याच बाजूने नागपूरकडे यायचं. वैनगंगा ओलांडायची म्हणजे थांबणं आलंच. नदीला पाणी असलं तर दोन-दोन दिवस मुक्काम. बैलाला चारा, माणसाला भाकर, चाकाला धाव, हे सगळं जिथे मिळतं तिथे बाजार वाढतो. आज ज्याला आपण बडा बाजार, गांधी चौक म्हणतो तो सगळा भाग वेगाचा नव्हे, मुक्कामाचा बाजार आहे. जुन्या बाजारातल्या घरांची ठेवण पाहिली तरी ते कळतं. तोंडाला अरुंद, आत खोलच खोल. पुढे दुकान, मध्ये राहणं, मागे कोठार नाहीतर कारखाना. प्रत्येकाला रस्त्याचं थोडं तोंड हवं होतं, म्हणून सगळ्यांनी ते वाटून घेतलं.

पहिला बायपास लोखंडाचा होता

मग रेल्वे आली. १८८० ते १८८२ या काळात नागपूरपासून राजनांदगावपर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली गेली, मीटर गेजची. उद्देश उघड होता : छत्तीसगडचं धान्य लवकर बाहेर काढायचं. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, ही लाईन तिच्याकडे गेली, रूळ रुंद झाले आणि १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलला जोडलं गेलं.

आणि भंडारा? लाईन गेली गावाच्या उत्तरेकडून, वरठीहून. गावापासून सात मैल लांब. आपल्या स्टेशनचं नाव आजही 'भंडारा रोड' आहे. रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथे नाही, इथून रस्त्याने जावं लागतं. तुमसर रोडचंही तेच. आपण रोज हे नाव घेतो, पण त्या एका शब्दात आपल्या शहराचं अख्खं नशीब लिहिलेलं आहे.

किती फरक पडला ते आकड्यांत पाहा. १९०१ च्या जनगणनेत भंडाऱ्याची लोकसंख्या होती सुमारे १४ हजार. पवनी ९ हजारांच्या वर, तुमसर ८ हजारांच्या आसपास. आणि गोंदिया? साडेचार हजारांचं एक खेडं. पण गोंदियाला स्टेशन मिळालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून बालाघाट-जबलपूरकडे नॅरोगेज निघाली, मग नागभीड-चांद्याकडे दुसरी लाईन. खेड्याचं जंक्शन झालं. धानाच्या गिरण्या, बिड्या, लाख, वखारी सगळं तिकडे जमलं. २०११ मध्ये भंडारा शहर ९१ हजार ८४५ वर होतं, तर गोंदिया १ लाख ३२ हजारांच्या पुढे. एकशे दहा वर्षांत आपण साडेसहा पट झालो, गोंदिया जवळपास तीस पट. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण खरी फाळणी रुळांनी शंभर वर्षं आधीच करून ठेवली होती.

म्हणजे वळसा पडला की नुकसान होतं, हे खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. मोठी वाढ दुसरीकडे गेली.

पण आता दुसरी बाजू पाहा. भंडारा मेलं नाही. रेल्वेच्या वळशाने कित्येक बाजारगावं ओस पडली. आपला बाजार मात्र भरतच राहिला. का?

पितळ, कचेरी आणि थांबण्याचं कारण

दोन कारणं दिसतात.

पहिलं, कचेरी. जिल्ह्याचं ठाणं इथेच राहिलं. कोर्टाची तारीख, सातबारा, खजिना, शाळा, दवाखाना यांसाठी माणूस लाखांदूरहून, मोहाडीहून, साकोलीहून भंडाऱ्याला येणारच. आला की एकच काम करून परत जात नाही. लेकीसाठी लुगडं घेतो, खताची चौकशी करतो, चपला घेतो, आलूबोंडा खातो. सरकारी कामाच्या एका फेरीवर बाजारातली पाच दुकानं चालतात. हे अर्थशास्त्र आपल्याला पुस्तकात शिकवत नाहीत, पण प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे राहिले. त्यांना पराभव पत्करावा लागला, भाऊराव बोरकर निवडून आले. पण त्या दिवसांत सगळ्या देशाची नजर भंडाऱ्याकडे होती. जिल्ह्याचं ठिकाण असण्याला असं वजन असतं.

दुसरं, पितळ. भंडाऱ्याच्या कासारांचं पितळकाम हा गावाचा मुख्य धंदा असल्याची नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. गुंड, कोपर, गडवा, परात, गंगाळ. आपल्या भागात लग्नात आंदण द्यायचं म्हणजे पितळेची भांडी आलीच, आणि भांडी म्हणजे भंडारा. तांबं आणि जस्त बाहेरून यायचं, माल बाहेर जायचा, पण हातोडा इथे पडायचा. स्टेशन सात मैल लांब असलं तरी गिऱ्हाईक इथवर यायचं, कारण ती वस्तू तशी दुसरीकडे मिळत नव्हती.

इथेच या पोस्टचं सार आहे. रस्ता जाणाऱ्या माणसावर जगत नाही, थांबणाऱ्या माणसावर जगतो. ज्या बाजाराकडे थांबण्याचं कारण असतं तो रूळ वळले तरी टिकतो. ज्याच्याकडे नसतं तो आठपदरी रस्त्याच्या कडेलाही उपाशी राहतो.

पुढे ॲल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील आलं. हलकं, स्वस्त, कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. आंदणातलं पितळ हळूहळू शोभेपुरतं उरलं. भट्ट्या थंडावल्या, हातोड्याचे आवाज कमी झाले. म्हणजे दोन कारणांपैकी एक कारण गेलं. उरली कचेरी.

ट्रकांची पन्नास वर्षं

स्वातंत्र्यानंतर ग्रेट ईस्टर्न रोडचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला. हजीरा, धुळे, नागपूर, रायपूर, कोलकाता. २०१० मध्ये सगळ्या महामार्गांचे नंबर बदलले तेव्हा तो ५३ झाला, पण आपल्या तोंडी अजून 'एनएच सिक्स'च आहे. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी आली, नंतर वरठीला पोलाद कारखाना, गडेगावला ट्रकचा कारखाना. या सगळ्यांचे पगार महिन्याच्या सुरुवातीला भंडाऱ्याच्या बाजारात उतरायचे.

बाजाराने तोंड फिरवलं ते याच काळात. जुना बाजार आत राहिला आणि नवीन दुकानं जिल्हा परिषद चौक, त्रिमूर्ती चौक या महामार्गाच्या पट्ट्याकडे सरकली. गॅरेज, टायर, बॅटरी, हॉटेल, लॉज, ऑटो पार्ट. रस्ता शहराचा राहिला नाही, देशाचा झाला. शाळेतली पोरं, एसटीतून उतरणारी म्हातारी माणसं आणि कोलकात्याला निघालेला कंटेनर, सगळे एकाच डांबरावर. किती घरांनी या रस्त्यावर माणसं गमावली ते आपण जाणतो. बायपासची मागणी उगाच झाली नव्हती.

आता तो बायपास आहे. दुसऱ्यांदा मोठी वाहतूक आपल्याला वळसा घालून जाते. ढाब्यांचा, पंक्चरवाल्यांचा, लॉजवाल्यांचा धंदा पडेल किंवा बायपासवर सरकेल, हे मान्यच करावं लागेल. ती माणसं आपलीच आहेत. पण त्याचबरोबर सत्तर वर्षांत पहिल्यांदा हा रस्ता परत गावाच्या हाती येण्याची संधी आहे. गेलेल्या गाड्यांसाठी रडायचं की परत मिळालेल्या रस्त्याचं काहीतरी करायचं, ते आपण ठरवायचं.

'रुंद करा, उंच बांधा' हे उत्तर का नाही

पुनर्विकास म्हटला की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. जेसीबी आणि कॉम्प्लेक्स.

याचं कारण नियमांतही आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात समोरचा रस्ता जितका रुंद तितकं जास्त बांधकाम, म्हणजे एफएसआय, असं गणित आहे. त्यामुळे रस्ता रुंद होणार म्हटलं की जागेचा भाव चढतो. ज्याचा प्लॉट मोठा त्याला फायदा. ज्याचं दुकान दहा फूट तोंडाचं, त्याचे चार फूट रुंदीकरणात गेले की उरलेल्यात तो काय बांधणार? त्याने विकायचं आणि शेजारच्याने घ्यायचं, असाच त्याचा शेवट होतो. चाळीस दुकानांच्या ओळीत मग चार कॉम्प्लेक्स उभे राहतात.

आणि त्या कॉम्प्लेक्समध्ये गिऱ्हाईक कुठून आणणार? भावनेपेक्षा आकडे पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. भंडारा जिल्ह्याची वाढली साडेपाच-पावणेसहा टक्क्यांनी. जिल्हा बारा लाखांचा. तरुण मुलं शिकायला-कमवायला पुणे, नागपूर, हैदराबाद गाठतात. नागपूर फक्त साठ किलोमीटरवर आहे. लग्नाचा बस्ता काढायला लोक सीताबर्डी नाहीतर इतवारी गाठतात, आणि उरलेलं मोबाईलवर मागवतात. अशा गावात शेकडो नवे गाळे बांधले तर काय होईल? तळमजला भरेल, वरचे दोन मजले 'भाड्याने देणे आहे'चे बोर्ड लावून उभे राहतील. आजही कित्येक इमारतींचे जिने पाहा, वर धूळ आणि कबुतरं आहेत.

म्हणजे आपली वाढीची क्षमता नाही का? आहे. पण ती नवीन स्लॅबमध्ये नाही, आहे त्या जागेत लोकांना दोन तास जास्त थांबवण्यात आहे.

इतरांनी काय केलं

दिल्लीच्या चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. लाल दगड, बसायला जागा, चालायला मोकळीक. माणसांची गर्दी झाली. पण पुढे देखरेख ढिली पडली, बंदीच्या वेळेतही गाड्या घुसू लागल्या, अशा तक्रारी सुरू झाल्या. धडा : बांधणं सोपं, सांभाळणं कठीण.

नाशिकला अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका असा १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' झाला. एवढ्याशा तुकड्याचं काम इतकं लांबलं की दुकानदार मेटाकुटीला आले. धडा : रस्ता चांगला होईपर्यंत दुकान जिवंत राहिलं पाहिजे.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ मोठे केले, बसायची जागा केली. लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' साजरा होऊ लागला. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा. लोक कुटुंबासह येतात. धडा : आधी एक दिवस करून पाहता येतं, त्यासाठी कोट्यवधी लागत नाहीत.

आणि शेजारची सीताबर्डी. मेट्रोचं इंटरचेंज झालं, मोठे मॉल झाले, तरी मेन रोडवरची गर्दी कशासाठी येते? फेरीवाल्यांच्या स्वस्त मालासाठी आणि जुन्या दुकानांसाठी. तिथे वर्षानुवर्षं भांडण सुरू आहे : दुकानदार विरुद्ध फेरीवाले. पण दोघांपैकी एक उठला तर दुसऱ्याचंही गिऱ्हाईक कमी होईल, हे दोघांनाही आतून माहीत आहे.

मग भंडाऱ्याने काय करावं?

ही काही तज्ज्ञांची यादी नाही. नगर परिषदेत, वॉर्डात, व्यापारी संघाच्या बैठकीत विचारता येतील असे साधे प्रश्न आहेत.

१. रस्ता कोणाचा? बायपास झाल्यावर शहरातल्या जुन्या तुकड्याची मालकी आणि देखभाल नेमकी कोणाकडे : राष्ट्रीय महामार्गाकडे, बांधकाम विभागाकडे की नगर परिषदेकडे? मालक ठरल्याशिवाय फुटपाथ, झाडं, दिवे, पार्किंग यांतलं काहीच धड होणार नाही. खड्डा पडला की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

२. रस्त्याची उंची किती? ऑगस्ट २०२० अखेरचा पूर आपण विसरलेलो नाही. वैनगंगा वस्त्यांमध्ये शिरली होती. त्याहून रोजचा प्रश्न म्हणजे सिमेंट रोड. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर चढवला की रस्ता वर आणि दुकानाचा ओटा खाली. पावसाळ्यात नालीचं पाणी उलटं दुकानात. म्हणून कुठल्याही नव्या कामाआधी दुकानांच्या ओट्यांची पातळी मोजा, नाल्यांचा उतार तपासा आणि तो नकाशा लोकांना दाखवा.

३. ठेलेवाल्यांचं काय? पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे. ९१,८४५ च्या हिशेबाने ही संख्या सुमारे २,३०० होते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. भाजीवाली, पानठेलेवाला, चहावाला हा रस्त्यावरचा कचरा नाही, थांबण्याचं पहिलं कारण आहे. त्यांना पट्टे आखून जागा द्या, दुकानाचं तोंड मोकळं ठेवा, भांडण तिथेच मिटतं.

४. भाडेकरू कुठे जाणार? जुन्या बाजारात तीस-चाळीस वर्षांपासून भाड्याने दुकान चालवणारे पुष्कळ आहेत. भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये इमारत पाडून नवी बांधताना भाडेकरूला परत जागा मिळण्याची तरतूद आहे. पण ती तोंडी आश्वासनावर नाही, कागदावर आणि कोर्टात टिकते. रुंदीकरणात जागा गेली तर मालकाला मोबदला पैशात, एफएसआयमध्ये किंवा टीडीआरमध्ये मिळू शकतो. भाडेकरूला मात्र कोणी आपणहून काही देत नाही. म्हणून आराखड्यासोबत भाडेकरूंची यादी आधी जाहीर व्हावी. अरुंद प्लॉटवाल्यांनी चार-पाच जणांत एकत्र येऊन बांधावं, यासाठी नगर परिषदेने मदत करावी. नाहीतर पुनर्विकास होईल, पण आपल्या माणसांशिवाय होईल.

५. वरचे मजले भरा, पण जिने आणि वायर तपासून. रिकाम्या माड्यांवर अभ्यासिका, क्लासेस, डॉक्टर, वकील, बचत गटांची दालनं येऊ शकतात. संध्याकाळी पोरं वर अभ्यास करतील, खाली चहा पितील. पण ९ जानेवारी २०२१ ची पहाट या शहराने पाहिली आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा बाळं गेली. त्यानंतर तरी एकच अरुंद जिना आणि लोंबणाऱ्या वायरी असलेल्या इमारतीत कुठलाही धंदा सुरू करण्याची परवानगी मिळता कामा नये.

६. आपली वस्तू कुठे आहे? बाहेरचा माणूस भंडाऱ्यात उतरला तर त्याने आठवण म्हणून काय न्यावं? भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आंधळगाव-मोहाडीचा कोसा आहे. उरलेसुरले का होईना, पितळेवर हात चालवणारे कारागीर आहेत. आज शहरातले लोक पाणी पितळ-तांब्याच्या भांड्यात पुन्हा ठेवू लागले आहेत, हॉटेलवाले पितळेच्या ताटात जेवण वाढतात. ही मागणी पुण्या-मुंबईची दुकानं भागवतात, आणि आपल्या मेन रोडवर एक चांगलं दालन नाही, जिथे समोर हातोडा पडताना दिसेल आणि शेजारी पाच किलो चिन्नोर मिळेल. कोका आणि नागझिऱ्याला जाणारे पर्यटक, गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाणारे लोक आपल्या बाजूने जातात. बायपासवरून ते सुसाट निघून जातील. त्यांना गावात वळवायचं तर वळण्याचं कारण पाहिजे.

खरी स्पर्धा बायपासशी आहे

एक धोका अजून सांगतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. बायपास झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना ले-आउट पडतात, लॉन येतात, शोरूम येतात, मग पेट्रोल पंप, मग हॉटेल. बघता बघता बायपासच नवा मेन रोड होतो आणि पुन्हा त्याला बायपास मागावा लागतो. धानाच्या बांध्या जातात, पाण्याच्या वाटा बुजतात. आणि जुना बाजार? तो मधल्या मध्ये सुकतो. मग कचेऱ्याही 'जागा कमी पडते' म्हणून बाहेर जायला लागतात.

वर सांगितलं तसं, पितळ गेल्यावर आपल्याकडे उरली ती कचेरी. रेल्वेच्या वेळी या गावाला जिने वाचवलं तीच. म्हणून सगळ्यांत आधी मागायची गोष्ट ही : जिल्ह्याचं कुठलंही कार्यालय, कोर्ट, दवाखाना शहराबाहेर नेण्याचा प्रस्ताव आला तर त्या निर्णयाचा बाजारावर काय परिणाम होईल, हे आधी जाहीर मांडलं गेलं पाहिजे. एक मोठं कार्यालय पाच किलोमीटर बाहेर गेलं की शंभर दुकानांचं दुपारचं गिऱ्हाईक जातं. त्याची भरपाई कुठलाही कॉम्प्लेक्स करत नाही.

१८८० मध्ये रूळ कुठून जातील हे भंडाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. निर्णय कलकत्त्यात आणि लंडनमध्ये झाले. महामार्ग गावातून जाईल हेही कोणी विचारलं नव्हतं. बायपासचा निर्णयही वरूनच आला. पण बायपास झाल्यावर उरलेल्या या काही किलोमीटरचं काय करायचं, हा निर्णय पहिल्यांदाच आपल्या गावात होणार आहे : नगर परिषदेच्या सभागृहात, विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचनांत. हरकत नोंदवायला एक साधा अर्ज लागतो आणि तो मुदतीत द्यावा लागतो. मुदत संपल्यावर पानठेल्यावर केलेल्या चर्चेची नोंद कुठेच होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं की "मोठा रस्ता झाला की विकास झाला", तर त्याला वरठीच्या स्टेशनवरची पाटी दाखवा. 'भंडारा रोड.' रस्ता नावात आहे, गाव मात्र तिथे नाही.

तुमच्या घरात मेन रोडचे, बडा बाजाराचे, कासारांच्या कामाचे जुने फोटो असतील तर जपून ठेवा आणि शक्य असेल तर सगळ्यांना दाखवा. आराखडा काढणाऱ्यांना कळायला हवं की ते कोऱ्या कागदावर रेघा ओढत नाहीत.

#भंडारा #मेनरोड #वैनगंगा #आपलाबाजार